बिनतारी यंत्राची तार

गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय भागात, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमापाशी भामरागड हे तालुक्याचे गाव वसले आहे. पाऊस जोराचा झाला म्हणजे पर्लकोटेला पूर येतो, आलापल्लीकडून येणारा रस्ता बंद पडतो आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात तर पुराचे पाणी गावात वारंवार शिरले होते. अशा दिवसांत विजेच्या तारांचा भरवसा नसतो आणि विजेवाचून भ्रमणध्वनीचे मनोरेही फार काळ तग धरीत नाहीत. कोणी बाळंतीण अडली, कोणास साप चावला, तर तो निरोप पलीकडे पोहोचविण्यास उरते ते बिनतारी यंत्र.

चंद्रपूर जिल्ह्यात प्रसंग निराळा, पण गरज तीच. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा आणि त्यास लागून असलेले अंधारी अभयारण्य मिळून तेथील व्याघ्रप्रकल्प झाला आहे. त्याच्या आतबाहेर चैत्र-वैशाखात मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणारी माणसे पहाटेपासून रानात असतात. वाघही त्याच रानात असतो, आणि वणव्याचे दिवसही तेच. पायी फिरणाऱ्या वनरक्षकाच्या हातात असते ते सुमारे पाच वॅट शक्तीचे लहानसे यंत्र. त्याने सांगितलेले चार शब्द ठाण्यावर ऐकू आले तर माणसे वेळेवर धावतात. न आले तर ते शब्द झाडांतच विरतात.

‘बिनतारी’ हे नाव मात्र थोडे फसवे आहे. दोन ठाण्यांच्या मधल्या आकाशात तार नसते हे खरे. पण प्रत्येक ठाण्यात यंत्रापासून खांबाच्या टोकापर्यंत एक तार असतेच, आणि त्या तारेच्या टोकाशी आकाशक असतो. आकाशक म्हणजे ज्यास सर्वजण अँटेना म्हणतात तो. यंत्र विकत घेताना लोक पेटीची पुष्कळ चौकशी करतात आणि तार व आकाशक यांची निवड उरल्यासुरल्या पैशांवर सोडतात. अरण्यात निरोप हरवतो तो बहुधा याच दोन ठिकाणी.

निरोप पोहोचत नाही असे दिसताच पहिला विचार सुचतो तो अधिक शक्तीचे यंत्र आणण्याचा. हा विचार स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. ठाण्याचे यंत्र पंचवीस वॅटांऐवजी पन्नास वॅटांचे केले म्हणजे ठाण्याचा आवाज मोठा होतो. रानातील माणसाचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. बोलणे वाढले म्हणून ऐकणे वाढत नाही. शिवाय पंचवीस वॅट शक्ती आकाशात सोडणारे यंत्र बोलतेवेळी बारा व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे पाच अँपिअर प्रवाह ओढते; शक्ती दुप्पट केली की हा खर्चही जवळजवळ दुप्पट होतो. ज्या चौकीची बॅटरी सूर्यपटलावर भरते, तिला आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन मिळत नाही. याच्या उलट, चांगला आकाशक आणि चांगली तार यांना बॅटरीतून कणभरही वीज लागत नाही, आणि त्यांचा लाभ बोलताना व ऐकताना असा दोन्ही वेळा होतो.

हा लाभ आणि तोटा मोजण्यासाठी या विद्येत डेसिबेल हे माप वापरतात. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. तीन डेसिबेल तोटा म्हणजे शक्ती निम्मी उरली. सहा डेसिबेल म्हणजे पाव हिस्सा उरला. दहा डेसिबेल म्हणजे दहावा हिस्सा उरला. लाभाचेही असेच: तीन डेसिबेल लाभ म्हणजे दुप्पट, दहा म्हणजे दसपट. या मापाची सोय अशी की गुणाकार-भागाकाराऐवजी नुसती बेरीज-वजाबाकी करून काम भागते. दुकानदार जसा जमाखर्च लिहितो तसा आकाशकाचा लाभ जमेस आणि तारेचा तोटा खर्चास मांडावा; शिल्लक काय राहते ते एका ओळीत दिसते.

प्रथम आकाशकाचा विचार. विद्युत्लहरींची लांबी त्यांच्या कंपनसंख्येवर अवलंबून असते. तीनशे या आकड्यास मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येने भागले म्हणजे लहरीची लांबी मीटरांत मिळते. १५० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या यंत्राची लहर दोन मीटर लांब, तर ४५० मेगाहर्ट्झची सुमारे ६७ सेंटिमीटर. सामान्य आकाशक हा या लांबीच्या निम्म्याने किंवा पाव हिश्श्याने असतो. म्हणून १५० मेगाहर्ट्झचा पाव लहरीचा आकाशक सुमारे अर्धा मीटर भरतो. एका कंपनसंख्येसाठी कापलेली दांडी दुसऱ्या कंपनसंख्येस जोडली तर ती नीट काम देत नाही. यास्तव आकाशक घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसून, तो कोणत्या कंपनसंख्येसाठी बनविला आहे, हा असला पाहिजे.

दुसरा प्रश्न दिशेचा. आकाशकाचा लाभ सहा डेसिबेल आहे असे विक्रेता सांगतो तेव्हा आकाशक पदरची शक्ती घालतो असा त्याचा अर्थ नव्हे. कंदिलामागे चकचकीत पत्रा लावला म्हणजे तेल तेवढेच जळते, पण एका बाजूचा उजेड कमी होऊन दुसऱ्या बाजूचा वाढतो. आकाशकाचा लाभही असाच असतो. उंच लाभाची उभी दांडी वरचा आणि खालचा झोत कमी करून तो क्षितिजाच्या पातळीत चहूकडे पसरते. सपाट प्रदेशात हे हितकारक आहे. पण ठाणे उंच डोंगरावर असून गावे पायथ्याशी असतील, तर तो चपटा झोत गावांच्या डोक्यावरून निघून जातो आणि दूरच्या ठाण्यास ऐकू येणारा आवाज पायथ्याच्या माणसास ऐकू येत नाही. तेथे कमी लाभाची साधी दांडीच अधिक उपयोगी पडते.

दोन ठाणी कायमची ठरलेली असतील आणि त्यांना एकमेकांशीच बोलावयाचे असेल, तर यागी आकाशक वापरावा. एका आडव्या दांड्यावर अनेक लहान कांड्या ओळीने बसविलेला हा आकाशक जुन्या दूरदर्शन संचांमुळे घरोघरच्या छपरांवर सर्वांच्या परिचयाचा झाला होता. जपानमधील तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो पुढे आणला. तो एकाच दिशेस पाहतो. म्हणून फिरत्या वनरक्षकांचे बोलणे चोहोबाजूंनी ऐकावयाचे असेल तेथे तो कामाचा नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. हातातील यंत्राची दांडी उभी असते, म्हणून ठाण्याचा आकाशकही उभाच असला पाहिजे. एक उभा आणि दुसरा आडवा असल्यास निरोपाचा फार मोठा भाग वाया जातो.

तिसरा प्रश्न उंचीचा. या जातीच्या लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत जातात, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या रेषेस मर्यादा पडते. खांबाच्या मीटरांतील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणिले म्हणजे ती मर्यादा किलोमीटरांत येते. नऊ मीटर उंच आकाशकाचे क्षितिज सुमारे बारा किलोमीटरांवर, तर छत्तीस मीटर उंच आकाशकाचे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर असते. अर्थात् अंतर दुप्पट करावयाचे तर उंची चौपट करावी लागते. अरण्यात याहूनही मोठी अडचण वृक्षांची आहे. साग, ऐन, मोह आणि बांबू यांच्या दाटीत आकाशक बुडालेला असेल तर पाने, फांद्या व खोडे लहरींची शक्ती शोषून घेतात आणि विखरून टाकतात. कंपनसंख्या जितकी अधिक तितके हे शोषण अधिक. म्हणून दाट रानासाठी ४५० पेक्षा १५० मेगाहर्ट्झ सामान्यतः बरे, आणि आकाशक झाडांच्या शेंड्यांच्या वर गेला म्हणजे जो फरक पडतो तो पेटी बदलल्याने पडत नाही.

येथे तारेचा प्रश्न उभा राहतो, कारण आकाशक जितका वर चढतो तितकी तार लांबते. या तारेस समाक्ष तार किंवा कोॲक्सियल केबल म्हणतात. मध्यभागी तांब्याची एक तार, तिच्याभोवती पॉलिथिनचा निरोधक थर, त्याभोवती तांब्याची जाळी किंवा नळी आणि सर्वांवर काळे आवरण, अशी तिची रचना असते. मधली तार आणि बाहेरची नळी यांचा आस एकच, म्हणून ती समाक्ष. लहरी या दोहोंच्या मधल्या जागेतून जातात आणि बाहेर सांडत नाहीत. इंग्लंडात ऑलिव्हर हेविसाइड याने १८८० मध्ये या रचनेचे पेटंट घेतले होते. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेतील एस्पेनशीड व ॲफेल या दोघा अभियंत्यांनी अनेक संभाषणे एकदम वाहून नेणारी समाक्ष तार योजिली.

समाक्ष तार पन्नास ओहमची की पंचाहत्तर ओहमची, असा प्रश्न नेहमी निघतो. तारेच्या आतल्या आणि बाहेरच्या व्यासांच्या प्रमाणावर व निरोधकाच्या जातीवर हा आकडा ठरतो. बोलण्याऐकण्याची बिनतारी यंत्रे पन्नास ओहमची बनवितात. दूरदर्शनची तार पंचाहत्तर ओहमची असते. दूरदर्शनची तार लावली तर यंत्र जळून जाईल अशी भीती घालतात ती अतिशयोक्त आहे. या विसंगतीने शक्तीचा सुमारे पंचविसावा हिस्सा परत फिरतो, इतकेच. तथापि तिला यंत्राचे कनेक्टर नीट बसत नाहीत, आणि जेथे सांधा ढिला तेथे पहिल्या पावसातच बिघाड. म्हणून पन्नास ओहमचे यंत्र, पन्नास ओहमची तार आणि पन्नास ओहमचा आकाशक हा नियम पाळणे शहाणपणाचे आहे.

खरा फरक पडतो तो तारेच्या जाडीने. बाजारात सर्वांत सहज मिळणारी बारीक तार आर. जी. ५८ या नावाची असून ती सुमारे पाच मिलिमीटर जाड असते. तिच्याहून जाड, दहा मिलिमीटरांची, आर. जी. २१३. आणि मनोऱ्यांवर वापरतात ती अर्धा इंची, बाहेरून तांब्याच्या लहरदार नळीची. प्रत्येकीची तीस मीटर लांबी घेऊन १५० मेगाहर्ट्झवर पंचवीस वॅट सोडले, तर बारीक तारेत सुमारे सहा डेसिबेल तोटा होऊन आकाशकापर्यंत सहा-सात वॅटच पोहोचतात. आर. जी. २१३ मधून तेरा-चौदा पोहोचतात, आणि अर्धा इंची तारेतून वीसच्या वर. ४५० मेगाहर्ट्झवर हेच गणित अधिक कठोर होते: बारीक तारेतून पंचविसांपैकी अवघे दोन वॅट वर जातात, बाकीचे तेवीस तार गरम करण्यात संपतात. ही गळती परतीच्या वाटेवरही तेवढीच होते. ज्या वनरक्षकाचा आवाज झाडांतून गाळून गाळून खांबाच्या टोकापर्यंत आला, त्याचा पाव हिस्सा, किंवा त्याहूनही कमी, खाली यंत्रापर्यंत येतो.

मग खांब उंच करावा की तार आखूड ठेवावी? ढोबळ गणित असे. दहा मीटरांचा खांब तीस मीटरांचा केल्याने मोकळ्या सपाट जमिनीवर नऊ-साडेनऊ डेसिबेल लाभ होतो. बारीक तार वीस मीटरांनी वाढली म्हणजे १५० मेगाहर्ट्झवर चार डेसिबेल खर्च वाढतो. म्हणजे पाच-साडेपाच शिल्लक राहते. ४५० मेगाहर्ट्झवर हा खर्च सात डेसिबेलांच्या वर जातो आणि एवढा खटाटोप करून दोनच पदरी पडतात. तोच खांब अर्धा इंची तारेने जोडला तर १५० वर अर्धा आणि ४५० वर एक डेसिबेल एवढाच जादा खर्च. तात्पर्य, उंची सोडू नये. पण खांबाच्या अंदाजपत्रकातच चांगल्या तारेचे पैसे धरावेत. खांबास पैसे आहेत आणि तारेस नाहीत अशी स्थिती असेल, तर खांब थोडा आखूड करून तार चांगली घेणे अधिक हिताचे.

येथे एका फसवणुकीची सूचना देणे अवश्य आहे. आकाशक ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी परत फिरणारी शक्ती मोजणारा मापक यंत्रापाशी जोडतात. परतणारी शक्ती कमी दिसली की तंत्रज्ञ समाधानाने खाली उतरतो. परंतु तार वाईट असली तर वर गेलेली शक्ती वाटेत एकदा आणि परतताना पुन्हा एकदा गळते. सहा डेसिबेल तोट्याच्या तारेच्या टोकाशी आकाशक मुळीच नसला, तरी खालच्या मापकास सोळाव्या हिश्श्याहून अधिक परतलेले दिसणार नाही, आणि तो सर्व ठीक असल्याचे सांगेल. तारेत पाणी शिरले असेल तर आकडा आणखीच सुंदर दिसतो. म्हणून परीक्षा दोन ठिकाणी करावी: एकदा यंत्रापाशी आणि एकदा आकाशकापाशी. वर किती शक्ती पोहोचली हे वर चढूनच कळते.

या प्रदेशात तारेचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. वरच्या सांध्यातून शिरलेले पाणी जाळीच्या धाग्यांतून हळूहळू खाली झिरपते, तांबे काळे पडते आणि तोटा महिन्यागणिक वाढत जातो. यास्तव प्रत्येक बाहेरचा सांधा स्वतःच स्वतःस चिकटणाऱ्या रबरी पट्टीने गुंडाळावा आणि त्यावर उन्हास टिकणारी दुसरी पट्टी घ्यावी. तार खोलीत शिरण्यापूर्वी तिला भोकाच्या खाली झोळासारखा एक वळसा द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जाते, आत येत नाही. तार काटकोनात मुडपू नये. तिच्या जाडीच्या निदान दसपट त्रिज्येचा बाक ठेवावा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेलेला आहे. अशा उन्हात हलक्या प्रतीचे आवरण दोन-तीन वर्षांत तडकते. तार खांबास दर मीटरास घट्ट बांधावी, नाही तर वारा तिला हलवितो आणि वानरे तिच्यावर झोके घेतात.

उंच खांब विजेसही बोलावणे धाडतो. खांबाच्या पायाशी ओलीत उतरलेले चांगले अर्थिंग असावे. तारेची बाहेरची नळी खांबाच्या माथ्याशी, पायाशी आणि खोलीत शिरण्यापूर्वी अशी तीन ठिकाणी त्यास जोडावी, आणि दाराशी विजेचा लोट जमिनीत वळविणारा निरोधक बसवावा. ढग गडगडू लागण्यापूर्वीच यंत्राची तार काढून ठेवण्याची सवय याहूनही स्वस्त आहे. मात्र ज्या ठाण्यात सतत ऐकत राहणे हेच काम आहे तेथे ती शक्य नसते, आणि तेथेच अर्थिंगाची कसोटी लागते.

एवढे करूनही काही ठिकाणी १५० मेगाहर्ट्झचे काम भागत नाही. आलापल्ली ते भामरागड हे अंतर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांहून अधिक आहे आणि मध्ये रान व टेकड्या आहेत. गडचिरोली तर शंभर किलोमीटरांच्या आसपास दूर. मध्ये टेकडीवर पुनःप्रक्षेपक बसवावा, तर त्याची राखण आणि बॅटरी हा नवा प्रश्न. अशा वेळी तीन ते सात मेगाहर्ट्झच्या लांब लहरी कामी येतात. दोन झाडांच्यामध्ये, जमिनीपासून सहा-आठ मीटर उंचीवर, पाच मेगाहर्ट्झसाठी सुमारे साडेअठ्ठावीस मीटर लांबीची तार आडवी ताणून तिच्या मध्यास समाक्ष तार जोडतात. या आकाशकाची लहर सरळ वर जाते, आयनांबरावरून परावर्तित होते आणि चोहोकडे दोन-तीनशे किलोमीटरांच्या टापूत पावसासारखी खाली येते. तिला वाटेत डोंगर आडवा येत नाही आणि उंच खांबही लागत नाही. तिचे दोष म्हणजे दिवसा व रात्री निराळी कंपनसंख्या निवडावी लागते आणि गडगडाटाच्या दिवसांत खरखर फार असते. विशेष असे की जी बारीक तार ४५० मेगाहर्ट्झवर बहुतेक सर्व शक्ती गिळते, तीच येथे तीस मीटरांत एक डेसिबेलच्या आसपास घेते. चार पंचमांश शक्ती सुखरूप पोहोचते. म्हणजे कोणतीही तार स्वतःहून चांगली किंवा वाईट नसते. तिच्यावर टाकलेले काम कोणते, हे पाहून तिची पारख करावयाची.

ही सर्व यंत्रे भारत सरकारच्या परवान्याखाली व नेमून दिलेल्या कंपनसंख्येवरच चालवावी लागतात, म्हणून परवाना हातात आल्यावरच आकाशक कापावा, हा क्रमही पाळला पाहिजे.

अखेरची गोष्ट ऋतूची. सरकारी वर्ष मार्चअखेर संपते, आणि नवी यंत्रणा बहुधा त्याच सुमारास उभी राहून तिची परीक्षा होते. त्या वेळी साग निष्पर्ण असतो, रान विरळ असते, हवा कोरडी असते आणि तारेचे सांधे नवे असतात. बारा किलोमीटरांवरून आवाज स्वच्छ येतो आणि कागदावर शेरा पडतो की काम समाधानकारक आहे. जूनमध्ये त्याच सागास हातभर रुंदीची पाने येतात, जुलैत ती पाण्याने निथळू लागतात, आणि तेवढ्याच अंतरावरचा तोच आवाज ऐकू येईनासा होतो. मग पेटीस दोष देतात. वास्तविक दोष इतकाच की उन्हाळ्याच्या परीक्षेवर पावसाळ्याचा हवाला ठेविला. ज्या चौकीने उन्हाळ्यात दहा डेसिबेल शिल्लक बाजूस ठेविली आहे, म्हणजे शक्ती दहाव्या हिश्श्यावर आणूनही जिचा निरोप समजतो, तिला श्रावणात पुष्कळ आधार राहतो. ही परीक्षा करण्यास खर्च नाही. यंत्रावरील कळ कमी शक्तीवर फिरवून बोलून पाहिले म्हणजे झाले. मात्र खरा शेरा लिहावयाचा तो पाने भरल्यावर, भिजत्या रानात उभे राहून. कारण पर्लकोटेस पूर येतो तो त्याच दिवसांत, आणि पलीकडच्या माणसास बोलावयाचे असते तेही त्याच दिवसांत.